तारावाच्या चटईवर अकरा नारळ

बेसिओ, दक्षिण तारावा

आदरणीय तेरेतियाताईस,

तुझा धाकटा भाऊ बौरो याचं दोन्ही हात जोडून, मान जरा जास्तच खाली घालून मौरी. (मान का खाली, ते पुढे कळेलच.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचं गुडघ्याचं दुखणं बसलं का? तुमच्या किरिसमास बेटावर पाऊस झाला का, की अजून विहिरीचंच मचूळ पाणी पिताय? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. 'सगळे' हा शब्द मी जपून वापरतोय, कारण तुला शेवटचं पत्र लिहिलं तेव्हा 'सगळे' म्हणजे मी, रूता आणि आमची चार पोरं एवढेच होतो. आता या शब्दात बरीच मंडळी राहायला आली आहेत.

तुमच्याकडे जमीन इतकी की शेजाऱ्याशी भांडण काढायचं तर आधी पाणी पिऊन, टोपी घालून निघावं लागतं, असं तू लिहिलं होतंस. इथे शेजाऱ्यानं झोपेत कूस बदलली की मलाही बदलावी लागते. अर्धा देश या एका चिंधीएवढ्या जमिनीवर येऊन बसलाय. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, मधे रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना आपण. विहिरीला हात लावला तर पाणी खारट, आणि खारट नसेल तेव्हा प्यायची भीती वाटते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. बाहेरच्या बेटांवर जायचं आणि लोकांना समजवायचं की बाबांनो, आहात तिथेच राहा, तारावा भरलंय, हे माझं काम. आणि या कामाच्या पायी तुझ्या भावानं जे दिवे लावलेत ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावेत म्हणून हे पत्र. (दुसरं कोणी म्हणजे रूताची बहीण. तिचं पत्र आलं असेल तर ते बाजूला ठेव आणि हे आधी वाच. तिखटमीठ तिच्यात जास्त असेल, पण खरं सांगायचं तर चूक काही नसेल.)

झालं असं की आमच्या तेताउआसाहेबांनी मला आपल्याच ओनोतोआला पाठवलं. म्हणाले, तुझं गाव आहे, तुझं ऐकतील. साहेबांचा जन्म तारावातला, त्यामुळे आपल्या गावची माणसं आपलं किती ऐकतात याचा त्यांना अनुभव नाही. मी मात्र फुलून गेलो. नवा शर्ट घेतला. रिकाम्या हातानं गावच्या सभाघरात, मानेआबात शिरायचं नसतं म्हणून म्हाताऱ्या मंडळींसाठी तंबाखू, एक पोतं तांदूळ आणि माशांच्या डब्यांचं खोकं घेतलं. (हो, माशांच्या डब्यांचं. चहूबाजूंनी मासे पोहत असलेल्या बेटावर मी परदेशात भरलेले मासे घेऊन गेलो. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.)

भाषण नुसतं करायचं नाही, डोळ्यांना दिसलं पाहिजे, असं मी ठरवलं होतं. मानेआबात मधोमध मी चटया पसरल्या. एकेक चटई म्हणजे एकेक बेट. तारावासाठी पोराला निजवायची चटई घेतली, ओनोतोआसाठी बेताची, आणि तुमच्या किरिसमाससाठी गावातली सगळ्यांत मोठी, जिच्यावर लग्नात वऱ्हाड बसतं ती. मग नारळ मांडले. एक नारळ म्हणजे इतकी इतकी माणसं. तारावाच्या चटईवर नारळांचा ढीग झाला, ढिगावरून नारळ घरंगळून म्हाताऱ्यांच्या मांडीपर्यंत जायला लागले. तुमच्या भल्यामोठ्या चटईवर मूठभर नारळ, बाकी मोकळी. त्या मोकळ्या जागेत पोरं येऊन लोळायला लागली, ते मला फार सूचक वाटलं. मी म्हणालो, बघा, ही आपल्या देशाची वाटणी. आपल्याकडे जमीन थोडी, पण समुद्र अफाट. मासे आपले, परदेशी बोटी ते धरतात आणि परवान्याचे पैसे आपल्याला देतात. खोबरं आपलं, सरकार चांगल्या भावानं विकत घेतं. नीरा आपली, बाबाईचे कंद आपले. मग या ढिगात जाऊन चेंगरायचं कशाला?

सगळे चटयांकडे वाकून बघायला लागले. मला वाटलं, जिंकलं. मग काबुरेआजोबांनी तंबाखूची नळी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "एवढी मंडळी तिकडे जमलीत, म्हणजे जेवण तिकडेच असणार."

लोक हसले. मीही हसलो, कारण हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग मी तारावाची निंदा सुरू केली. गर्दी सांगितली, खाजणातली घाण सांगितली, दवाखान्यातली रांग सांगितली. आजोबांनी शांतपणे विचारलं की दवाखाना आहे म्हणजे डॉक्टर आहे का? मी म्हटलं, आहे. शाळा? मोठी शाळाही आहे. बर्फ मिळतो? मिळतो. मग त्यांनी विचारलं, "आणि तू तिथे काय करतोस रे?"

म्हटलं, "नोकरी."

"कसली?"

ताई, या प्रश्नाला वळसा घालून जायला त्या मानेआबात जागाच नव्हती. मी म्हणालो, "तारावाला येऊ नका हे सांगायची."

त्यानंतर जे हसणं उसळलं ते समुद्रापर्यंत गेलं असेल. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. एकीनं तर डोळे पुसत विचारलं, बौरो, अशी नोकरी आणखी कोणाला मिळते का, माझा मुलगाही घसा ताणून सांगेल, फक्त राहायला तारावात पाहिजे. आणि तेवढ्यावर सभा संपली. माझा देश लोकांनी उचलून घरी नेला. तारावाचे नारळ तर तिथल्या तिथे फोडून खाल्ले.

इथवरची लाज ही हसण्यावारी नेण्यासारखी आहे. पुढची नाही.

आकेनेतेमावशी त्या सभेत खांबाला टेकून बसली होती. तू तिला पाहून बरीच वर्षं झाली. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय गं. मला तिनं आवाजावरून ओळखलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, नाक अजून बापाचंच आहे. परतीच्या बोटीच्या सकाळी मी किनाऱ्यावर सामान ठेवतोय तोच ती हातात चटईची गुंडाळी घेऊन आली. म्हणाली, "बौरो, बुबुती आहे. डोळ्यांचे डॉक्टर तारावाला येणार आहेत म्हणतात. मला ने."

आता आपल्या माणसानं बुबुती घालून हक्कानं काही मागितलं की नाही म्हणता येत नाही, हे तुला मी काय सांगू. आणि खरं सांगतो, तिला नाही म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. मला आणि तुला आईमागे तिनं वाढवलं. माझ्या अंगात जी काही ताकद आहे ती तिच्या हातच्या नीरेची. मी म्हटलं, चल. पण मावशीला दिसत नाही, म्हणून तिचा हात धरायला तिची नात मिरिआमा पाहिजे. मिरिआमा येतेच आहे तर तिचं नाव मोठ्या शाळेत घालता येईल. तरण्या मुलीला एकटं कसं पाठवायचं, म्हणून तिची आई. आईला बोट लागते, म्हणून सामान उचलायला मिरिआमाचा मामा इओआने. इओआने निघाला म्हटल्यावर त्याची बायको म्हणाली, तो तिकडे गेला की परत येत नाही, मीही येते. तिच्या कडेवरचं मूल तर वेगळं मोजायलाच नको. प्रत्येकाचं कारण ऐकताना मला वाटायचं, याचं खरं आहे. असं करता करता बोट सुटली तेव्हा माझ्या अवतीभवती आपल्याच घरची अकरा माणसं बसली होती, एक डुक्कर पाय बांधून पडलं होतं, आणि 'तारावाला येऊ नका' असं रंगवलेला कापडी फलक मावशीनं डोक्याखाली उशी म्हणून घेतला होता.

वाटेत मी मनाची समजूत घालत आलो. बेसिओच्या धक्क्यावर सकाळच्या गर्दीत कोण कोणाकडे बघतं? हळूच उतरायचं, घरी जायचं, रूताला काय सांगायचं ते वाटेत ठरवायचं. पण धक्क्यावर तेताउआसाहेब उभे. त्यांच्या शेजारी आमच्या कामाला पैसे देणाऱ्या देशाचे पाहुणे, आणि कॅमेरा घेतलेला एक माणूस. पाहुण्यांना खोबऱ्याची पोती उतरताना बघायची होती म्हणे. पोत्यांच्या आधी मी उतरलो. माझ्या कोपराला धरून मावशी. मागे बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी इओआनेच्या खांद्यावर डुक्कर.

पाहुण्यांनी साहेबांना काहीतरी विचारलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बौरो, ही माणसं कोणाची?"

ताई, मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब. बोटीवर बरोबर होती."

मावशीनं माझ्या कोपरावरचा हात काढून घेतला.

ओढून नाही, झटकून नाही. आपण चुकून दुसऱ्याचं भांडं उचललं की खाली ठेवतो ना, तसा काढला. मग मिरिआमाचा खांदा शोधला आणि ती बाजूला गेली. बाकीचेही तिच्यामागून गेले. ते कडेवरचं मूलही रडलं नाही, एरवी ते कशानंही रडतं. साहेब म्हणाले चल, आणि मी त्यांच्या गाडीत बसलो. गाडीत बसलो, ताई. कचेरीत गेलो. दौऱ्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणालो की लोकांचा प्रतिसाद उत्साहाचा होता, विषयात त्यांना फार रस वाटला. (तो वाटला होताच.)

सुटका झाल्याबरोबर मी धक्क्याकडे पळत आलो. कोणी नव्हतं. शेडमधल्या हमालानं सांगितलं की एक आंधळी म्हातारी बौरोचं घर विचारत होती, आणि विचारता विचारता निम्म्या बेसिओला माहीत झालं की बौरोची मावशी आली. म्हणजे बघ, मी ज्यांना ओळखत नव्हतो त्यांना माझं नाव सांगूनच घर सापडलं.

घरी पोचलो तर सगळे जेवायच्या तयारीत. रूतानं शेजारून दोन टोप मागून आणून भात केला होता. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. मावशीनं पायरव ऐकला, मान वर केली आणि म्हणाली, "कोण आलंय गं? सरकारातले साहेब दिसतात. बोटीवर बरोबर होते. रूता, त्यांना चांगली चटई टाक."

आणि रूतानं टाकली. पाहुण्यांची, रंगीत काठांची, जी गुंडाळून वर ठेवलेली असते ती. मी म्हटलं, मावशी, असं काय करतेस. ती म्हणाली, संकोच करू नका साहेब, गरिबाचं घर आहे, पण माशाचं डोकं तुम्हालाच. डोकं मला वाढलं गेलं. माझ्या पोरांना तंबी मिळाली की साहेबांच्या अंगावर चढायचं नाही. धाकटा खरोखर दूर उभा राहून बघायला लागला. मी पाणी घ्यायला उठलो तर इओआने धावला, साहेब, तुम्ही बसा. रूता, माझी लग्नाची बायको, समोर बसून पंख्यानं माश्या हाकत मला विचारते, "साहेब, तुमचं मूळ बेट कोणतं?"

हे एका जेवणापुरतं असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. रोज मला चांगली चटई, रोज पहिलं ताट, आणि माझ्याच घरात मला 'तुम्ही'. कोणी माझ्यावर रागावलं नाही, कोणी टोमणा मारला नाही, कोणी काम सांगितलं नाही. संध्याकाळी मावशी माझ्याकडे तोंड करून (तोंड अगदी माझ्याकडेच, दिसत नसलं तरी) गोष्ट सांगायची. "आमचा पण एक बौरो होता, साहेब. लहानपणी नुसता काडी. मी पहाटे नीरा उतरवून त्याला पाजायची. झाडावरून पडला तेव्हा पाठुंगळीला घेऊन सबंध बेट चालले. तोही इकडे सरकारातच आहे म्हणतात. भेटला तर सांगा, मावशी आलीय, कामातून वेळ झाला तर येऊन जा." आणि मी त्या रंगीत चटईवर बसून म्हणायचो, सांगतो.

मारलं असतं तर बरं झालं असतं. मी बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली जाऊन निजायला लागलो, तर तिथेही उशी पाठवली.

मग आली आमच्या खात्याची मोठी सभा. मानेआबा भरलेला, पाहुणे मधोमध, जेवणाची पानं एका बाजूला झाकून ठेवलेली. जेवण आहे म्हटल्यावर आमच्या घरचे अकराही जण येऊन बसले. साहेबांनी मला नारळांचा प्रयोग पाहुण्यांना करून दाखवायला सांगितलं. मी चटया पसरल्या. ढीग मांडला. तुमची चटई मोकळी ठेवली. आणि पाठ केलेलं वाक्य तोंडात आलंच नाही. माझे हात आपोआप ओनोतोआच्या चटईकडे गेले. तिथून मी एकेक नारळ उचलला आणि तारावाच्या ढिगावर ठेवायला लागलो. साहेब खाकरले. मी थांबलो नाही. अकरा झाल्यावर त्यातला पहिला पुन्हा हातात घेतला आणि म्हणालो, "ही माझी आकेनेतेमावशी. हिनं मला वाढवलं. धक्क्यावर साहेबांनी विचारलं तेव्हा मी हिला ओळखत नाही म्हणालो. हिला मीच आणलंय. हे सगळे माझे आहेत."

मानेआबात एवढे म्हातारे बसलेले असताना हे बोलायचं म्हणजे काय, ते तू समजशील. साहेब छपराकडे बघत होते. पाहुण्यांना दुभाष्यानं काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. (नंतर कळलं, त्यानं सांगितलं की प्रत्येक आकड्यामागे एक माणूस असतो, असं वक्ते म्हणत आहेत. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.)

मग मावशी बसल्या जागेवरून बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "डॉक्टर तुम्ही इथे ठेवलात, शाळा इथे ठेवलीत, बर्फ इथे, पगार इथे. आमच्याकडे पाठवलंत ते भाषण. आम्ही येणार नाही तर काय करणार? एक डॉक्टर पाठवा, मग बोलायला आलेल्या माणसाला मी त्याचं भाषण न ऐकतासुद्धा जेवू घालीन." म्हातारे मांडीवर थापा मारून हसले. तिनं ते संपू दिलं. मग मान माझ्या दिशेनं वळवून म्हणाली, "बौरो, घसा सुकलाय. पाणी आण, आणि उभा काय राहिलास नारळ घेऊन, तो दे त्या पोराला."

मी पाणी आणायला पळालो. ताई, इतक्या दिवसांत तिनं मला पहिल्यांदा काम सांगितलं होतं. पिंपापाशी मी उगीच जरा वेळ लावला, कारण तोंड पुसल्याशिवाय परत जाणं बरं दिसलं नसतं.

मावशीच्या एका डोळ्याचं काम झालं, आणि छान झालं. दुसरा पुढच्या खेपेला. पट्टी काढल्यावर तिनं आधी मला बघितलं आणि म्हणाली, तू फार जाड झालास. मिरिआमा शाळेत जाते. इओआनेला बर्फाच्या कारखान्यात काम मिळालंय. घरात आता मला कोणी चटईसुद्धा टाकत नाही, आणि मी जिथे बसतो तिथून कोणीतरी उठवतं. फार सुखात आहे. भावोजींना मौरी सांग. मुलांना पापे. सर्वांना आरोग्य, शांती आणि पोटभर मिळो.

तुझा लाजिरवाणा भाऊ,
बौरो

ता. क. तेताउआसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं की ओनोतोआवर तू लोकांना 'येऊ नका' म्हणालास आणि अकरा आले. तेव्हा तुझी खरी हुशारी 'या' म्हणण्यात असणार. म्हणून किरिसमास बेटावर लोकांना वसायला बोलावण्याच्या कामावर माझी बदली झाली आहे.

ता. क. दुसरा. तेव्हा ताई, बुबुती. आम्ही सहा जण आहोत. सरकारी घर मिळेपर्यंत तुझ्याकडे राहू. (सरकारी घर अजून बांधायचं आहे.) बाकीचे अकरा येत नाहीत, मावशीला इथला बर्फ फार आवडलाय आणि ती म्हणते, घर रिकामं कशाला ठेवायचं. म्हणजे माझ्या आजवरच्या कामाचा हिशेब असा की तारावातून सहा कमी झाले आणि अकरा वाढले. हे कचेरीत कोणाला बोलू नकोस. नाही म्हणायचं तुझ्या मनात असेल तर कळव. पण हे पत्र आणि आम्ही एकाच बोटीनं येतोय, तेव्हा कळवायला तुला वेळ मिळायचा नाही.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात: तेरेतिया, हे पत्र मी माझ्या नव्या डोळ्यानं वाचलं. याचं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखं आहे. मी पाठुंगळीला घेऊन सबंध बेट चालले नव्हते, अर्धंच. उरलेलं हा रडत चालला. बोटीवरून सगळे उतरतील आणि हा लाजून पोत्यांच्या मागे उभा राहील. तू वाट बघू नकोस. धक्क्यावरूनच मोठ्यानं हाक मार, चार माणसांना ऐकू जाईल अशी, की हा आमचा आहे. — आकेनेते.